फाडलेल्या दुधाचे डोहाळे

चार वर्षं मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिले आणि चारही वर्षं त्यांनी मला 'पावणं' म्हणूनच हाक मारली. सुरुवातीला वाटलं, नाव लक्षात राहत नसेल. दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्यांनी दर वेळी मान हलवली आणि लगेच पुढं, "पावणं, नळ सोडू नगासा, टाकी धुवायला काढलीया." मग मी नाद सोडला. मी मूळची नाशिकची. आम्हांला प्रश्नाला उत्तर लागतं. या माणसाला मी जेवढे प्रश्न विचारले, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला मिळाली नाहीत, आणि जी मिळाली ती नीट कळली आहेत असं आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

कोल्हापुरातली सगळी मंगळवार पेठ त्यांना 'मालक' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. पेठेत त्यांची चुरमुऱ्यांची भट्टी होती. पुढं भट्टी, मागं राहतं घर, त्यामागं परडं म्हणजे परसदार आणि वर माझ्या दोन खोल्या. शाहूपुरीतल्या ऑफिसात मी सकाळी धुतलेली साडी नेसून गेले तरी शेजारच्या टेबलावरचे वास घेऊन म्हणायचे, आज भडंग आणलंय वाटतं. माणूस बुटका, कपाळावर विभूतीची ठसठशीत पट्टी, अंगात बिनबाह्यांची बंडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वयंपाक स्वतः करायचे, चांगला करायचे, आणि कुणी चांगला झालाय म्हटलं की रागवायचे.

भट्टीवर त्यांची एक तऱ्हा होती. तापलेल्या वाळूत दाणे पडले की बाकीचे लोक रंग बघतात, वास घेतात. मालक ऐकायचे. झाऱ्यावर चार दाणे घेऊन कानाजवळ न्यायचे आणि डोळे मिटून हलवायचे. "अजून वल्लं बोलतंय," म्हणून परत टाकायचे. मी एकदा ऐकून पाहिलं. मला काहीही ऐकू आलं नाही, कानाला चटका तेवढा बसला.

दुसरी तऱ्हा म्हणजे ते कुणाला काही विचारायचे नाहीत. पत्ता नाही, वेळ नाही, तब्येतही नाही. "इचारलं की माणूस खोटं बोलाय लागतंय," असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा गप बसून बघावं, सगळं दिसतं. या तत्त्वापायी ते एकदा नेसरीला कुणा नातलगाच्या लग्नाला म्हणून गेले आणि मंडप दिसला तिथं शिरले. पंगतीला बसले, मुलाला फेटा बांधून आहेर केला, वरमाईला नमस्कार केला, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नवरा-नवरी दोघंही आपले कुणी लागत नाहीत. आपलं लग्न दोन गल्ल्या पलीकडं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "मालक, दारात एकदा विचारायचं होतं." तर म्हणाले, "कशाला? झ्याक झालं की लगीन." चूक झाली असं त्यांना वाटत होतं की नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून सांगता येईना.

त्यांचा मुलगा बसवराज, म्हणजे बसू, डॉक्टर व्हायला कझाकस्तानात अल्माटीला गेला होता. इकडची बरीच मुलं जातात. पाच-सहा वर्षांनी तो डिग्री घेऊन आला आणि सोबत वर्गातली आयगुल आली. लग्न तिकडंच झालं होतं. पेठेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गोरी, उंच, गालांची हाडं रुंद, शांत मुलगी. इंग्रजी बेताचं, पण मराठी तिनं भट्टीवरच्या बायकांकडून उचललं, त्यामुळं ती 'व्हय' आणि 'न्हाय'च म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं सासऱ्यांना एक चपटा डबा दिला. त्यात तिच्या आईनं केलेल्या गोड वड्या होत्या, तपकिरी, रवाळ, मधे मनुके. तिकडं त्याला झेंट म्हणतात. मालकांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला आणि निकाल दिला, "वरी हाय. उकडून मग भाजलीया. लोणी हाय. आणि एक कायतरी हाय." ते 'कायतरी' काय, हे त्यांनी विचारलं नाही. आयगुलनंही सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडं म्हणे सुनेनं सासऱ्याशी फार बोलायचं नसतं. आमच्या इथल्या जुन्या घरांतही तेच. त्यामुळं एका घरात राहून ती दोघं एकमेकांशी जवळपास बोलतच नसत, आणि दोघांनाही त्यात काही अडचण वाटत नसे. अडचण मला व्हायची, कारण निरोप माझ्यामार्फत जायचे.

वर्षभरानं आयगुलला दिवस गेले. सुरुवातीच्या ओकाऱ्या सगळ्यांनाच होतात, पण हिच्या पाचव्या महिन्यातही थांबेनात. भात नको, भाकरी नको, आमटीच्या फोडणीनं तर ती परड्यात पळायची. चेहरा उतरला, बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढायला हवं, ते कमी होतंय, जे आवडेल ते खाऊ द्या. सातव्या महिन्यात पेठेतल्या बायकांनी हौसेनं डोहाळजेवण केलं. तिला हिरवी साडी नेसवली, फुलांचा मुकुट घातला, समोर ताटं मांडली आणि विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं?" ती सगळ्या ताटांवरून नजर फिरवून हळूच म्हणाली, "झेंट." बायका हसल्या. हे कुठं मिळायचं कोल्हापुरात? ती पण हसली आणि पेढ्याचा कोपरा तोडून खाल्ला. मालक बाहेरच्या कट्ट्यावर बसून होते. संध्याकाळी ते मला जिन्यात आडवे आले. "पावणं, माज्या घरात डोहाळं अडलं असं हुयाचं न्हाय," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, कुणाला तरी सांगून अल्माटीहून मागवणार असतील.

तसलं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर माझ्या दाराशी एक वाटी झाकून ठेवलेली. आत तपकिरी पीठ. चटणी असेल म्हणून मी ती तेल घालून भाकरीबरोबर खाल्ली. गोड लागली. सकाळी मालक खाली उभेच होते.

"कसं लागलं?"

मी दचकले, कारण ते विचारत नसत. म्हणजे अर्थात ते मला नव्हतं, वाटीला होतं. "चटणी जरा गोड झालीय," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी बस पकडायला पळाले.

त्यानंतर मला हळूहळू कळलं की हे झेंट करायला निघालेत, दीड वर्षापूर्वी खाल्लेल्या एका तुकड्याच्या आठवणीवर. वरी भिजवायची, उकडायची, सुकवायची, वाळूत भाजायची, उखळात कुटायची, मग लोण्यात मिसळून थापायची. वरीबद्दल त्यांना शंकाच नव्हती. भांडण होतं ते त्या 'कायतरी'शी. पहिल्यांदा खवा घातला. मग खरवस सुकवून घातला. मग बेळगावचा कुंदा आणून तो चुरून घातला. दर वेळी ताटली घेऊन मला आत पाठवायचे आणि स्वतः दाराआड उभे राहायचे. आयगुल एक तुकडा खायची, "चांगलं हाय," म्हणायची. मी आनंदानं बाहेर यायची, तर मालक म्हणायचे, "न्हाय जमलं."

"ती चांगलं म्हणाली की."

"तोंडाचं काय घिऊन बसलाईसा. दुसऱ्या तुकड्याला हात गेला का?"

गेला नव्हता.

मला हे सगळं आडमुठेपणाचं वाटायचं. ती मुलगी दहा पावलांवर बसलीय, तिला विचारलं तर दोन मिनिटांत काम होईल. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांचं उत्तर, "डोहाळं पुरवायचं असतंय. यादी घ्याची नसती." मग मीच आयगुलला विचारलं. ती म्हणाली, "दूध. दूध तोडून. लाल होतंय." एवढं मराठी तिच्याकडं होतं. फोनवर शोधलं तर उलगडा झाला. दूध फाडतात, त्याचा चोथा पाण्यासकट तासन्‌तास आटवतात, तो तांबूस होतो, मग वाळवून कुटतात. मी मोठ्या ऐटीत मालकांकडं गेले आणि म्हटलं, "पनीरसारखं काहीतरी आहे. आटवलेलं."

पनीर हा शब्द त्या घरात चालत नसे, हे मी विसरले होते. फ्रीजमधलं माझं पनीरसुद्धा मी वरच्या मजल्यावरच ठेवायची. दूध आपणहून नासलं तर ते गुपचूप परड्यातल्या नारळाच्या बुडात ओतायचं आणि त्यावर कुणी बोलायचं नाही, हा तिथला नियम. आपल्या हातानं चांगलं दूध फाडणं म्हणजे तर घरातली भरभराट फाडणं.

"घरात दोन जिवाची बाई हाय," मालक म्हणाले, "आणि म्या दूध फाडू?"

मी म्हटलं, तिच्या देशात सगळ्या गरोदर बाया खातात, काही होत नाही. ते झाऱ्यावरचे दाणे कानाला लावून बसले.

याच सुमारास घरात दुसरी कुरबूर सुरू झाली. आयगुलनं नवऱ्याला सांगितलं होतं की बाळंतपणाला मला आईकडं जाऊ दे. आई तिकडं खेड्यात, दावणीला गाई, लहान भावंडं, तिच्याकडं पासपोर्टही नाही, ती येऊ शकत नव्हती. बसूला परदेशी डिग्रीवाल्यांची परीक्षा द्यायची होती, तो दिवसभर अभ्यासिकेत बसायचा, तो जाऊ शकत नव्हता. एकटी गेली तर परत येईल याची त्याला खात्री नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी हीच आपल्याकडची रीत, असं मी म्हटलं तर उखडला. "म्हायेर म्हंजे काय नेसरी हाय व्हय, सकाळी गेलं, सांजंला आलं?" आयगुलनं दोनदा विषय काढला, दोनदा तो उठून गेला. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही. बसू वडिलांना म्हणाला, आणि मी जिन्यात असल्यामुळं मला ऐकू आलं, "आप्पा, आठवा सरला की इमानात घेत न्हाईत. मग आपसूक थांबतीया."

मालक तेव्हा पाळण्याला पॉलिश करत होते. बसूचाच पाळणा, सागवानी, माळ्यावरून काढलेला. नातवंडाचं तोंड याच घरात बघायचं, हे त्यांनी अख्ख्या पेठेला सांगून ठेवलं होतं. पाळणा टांगायला तुळईला कड्यासुद्धा ठोकून झाल्या होत्या. बसूच्या बोलण्यावर ते पॉलिश करत राहिले, पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा होणारं झेंट रोज व्हायला लागलं. मी समजले. पोरीला इथंच तिच्या घरची चव मिळाली की माहेरची ओढ कमी होईल, असा म्हाताऱ्याचा हिशेब असणार. मला तो पटला. आयगुल इथं राहिलेली मलाही हवी होती. जिन्यात बसून आम्ही दोघी कैरी खायचो, ती मला रशियन आकडे शिकवायची. सुटीच्या दिवशी मीही उखळाशी बसून वरी कुटायला लागले.

एका दुपारी दूध नासलं. वैशाखातलं ऊन, सकाळी तापवायचं राहून गेलं होतं. मालकांनी गॅसवर ठेवलं आणि ते फुटलं. तोंड वाकडं करून ते पातेलं परड्याकडं घेऊन निघाले, तोच आयगुल मधे आली. पातेलं त्यांच्या हातातून घेतलं, परत गॅसवर ठेवलं आणि ढवळायला लागली. सासरा-सुनेनं एका भांड्याला एकदम हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते. तीन तास ती तिथं उभी होती. घाम गळत होता, मधे एकदा ओट्याला टेकली, पण उलटी झाली नाही. पाणी आटलं, चोथा गुलाबी झाला, मग विटकरी. घरभर खरपूस वास सुटला. मालक उंबऱ्यावर बसून एकटक पातेल्याकडं बघत होते. शेवटी आयगुलनं चमच्यावर थोडं घेतलं आणि चाखलं. तिचा चेहरा उजळला. आरसा मी रोज बघते, त्यामुळं उतरलेला चेहरा कसा असतो आणि उजळलेला कसा, एवढं मला कळतं. पण दूध जुनं होतं, चोथा कडवट झाला होता. दुसऱ्या घासाला तिनं मान हलवली आणि पातेलं विसळायला नेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मालक दोन लिटर म्हशीचं ताजं दूध घेऊन आले. आंघोळ करून विभूती लावली. देवघरापुढं जरा वेळ बसले, मग उठून देवघराचं दार ओढून घेतलं. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दूध उकळायला लागलं तशी वाटीभर आंबट ताक हातात घेऊन ते उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "मालक, मी ओतू का?"

"तुमी गप बसा, पावणं. पाप हाय ते माजं हाय."

आणि त्यांनी ताक ओतलं. दूध फाटताना आवाज येतो की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी मान वळवून कान पातेल्याकडं नेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं म्हणावं तर चूल नव्हती, गॅस होता.

दिवसभर आटवलं. चोथा दोन दिवस छपरावर वाळवला. तिसऱ्या दिवशी वरीबरोबर कुटून, लोणी, साखर, मनुके घालून थापलं. त्या दिवशी त्यांनी मला ताटली दिली नाही. स्वतः आत गेले, सुनेसमोर पाटावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी दारात.

आयगुलनं एक तुकडा घेतला. मग दुसऱ्याला हात गेला. मग तिसऱ्याला. मी आनंदानं मालकांकडं बघितलं, तर त्यांचा चेहरा पडलेला. काय झालं ते मला कळेना. इतक्यात आयगुल रडायला लागली. तोंडात घास, आणि हमसून हमसून रडत होती, लहान मुलं रडतात तशी. रडत रडतच चौथा तुकडा खाल्ला. मग पदरानं तोंड पुसून तिनं सरळ सासऱ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "मला आईकडं जायचं हाय."

"व्हय," मालक म्हणाले. "जा की."

संध्याकाळी बसू आला तेव्हा ती बॅग भरत होती. तो खूप बोलला. वडिलांना बोलला, बायकोला बोलला, मलाही बोलला की तुम्ही कशाला वरी कुटत बसलात. आयगुल भरत राहिली. तिचा चेहरा आदल्या सहा महिन्यांत मी पाहिला नव्हता असा होता, म्हणजे खंबीर आणि भूक लागलेला. रात्रीच्या जेवणाला तिनं भात मागून घेतला. पाचव्या दिवशी बसूच तिला मुंबईला विमानात बसवायला घेऊन गेला.

मुलगी झाली. तीन किलोच्या वर, खणखणीत. फोनवर तिचं तोंड पेठेतल्या सगळ्यांनी बघितलं. आयगुल येते म्हणते, थंडी संपली की, कागद झाले की, बसूची परीक्षा झाली की. ती खोटं बोलत नसावी. पण मागच्या महिन्यात माझी बदली झाली, मी ते घर सोडलं, तोवर तुळईच्या कड्या मोकळ्याच होत्या. मालकांना वाईट वाटतंय का, हे मी निघताना विचारणार होते. विचारलं नाही. चार वर्षांत त्यांचा एवढा गुण मला लागला असेल.

पण माझ्या डोक्यात राहिलंय ते बसू मुंबईहून परतला त्या दुपारचं. मालक भट्टीपुढं वाळू चाळत होते, मी कट्ट्यावर होते. बसूनं पिशवी खाली टाकली. त्याचा राग ओसरला होता, नुसता दमलेला दिसत होता. वडिलांच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आप्पा, आणि पंधरा दिवस तुमाला ते झेंट जमलं नसतं, तर आठवा सरला असता आणि तिला जाताच आलं नसतं."

मालकांनी चाळण झटकली.

"म्हायती हाय की," ते म्हणाले. "म्हणून तर गडबड केली."